पाकिटात किती रोकड असावी? मच्छीमार कुटुंबांसाठी हिशोबाचा एक धडा



आजचा धडा जाळ्याचा नाही, बीजाचाही नाही. आजचा धडा खिशाचा आहे. घरातून निघताना आपल्या पाकिटात, कमरेच्या पिशवीत किंवा कनवटीला किती पैसे असतात? आणि तेवढेच का असतात? दहा जणांना विचारलं तर दहा उत्तरं येतात. कुणी म्हणतो, "आता सगळं फोनवर, खिशात शंभर रुपये बी नसतात." कुणी आठवड्याची सगळी विक्री खिशात घेऊन फिरतो. दोघांनाही त्रास होतो, फक्त वेगवेगळ्या दिवशी होतो.

लेख जरा मोठा आहे. सवडीनं वाचा. घरात जे पैसे सांभाळतात त्यांना वाचून दाखवा.

१) माणूस रोकड का बाळगतो?

बारावीला ज्यांनी अर्थशास्त्र घेतलं होतं त्यांना केन्स हे नाव आठवेल. १९३६ साली या इंग्रज अर्थतज्ज्ञानं माणूस पैसा हातात का ठेवतो याची तीन कारणं सांगितली. आपल्या धंद्याला ती आजही लागू पडतात.

पहिलं, व्यवहार. बर्फ, टेम्पो, चहा, गड्याची उचल, बाजारातली जागा. रोजचा खर्च चालवायला रोकड लागते.

दुसरं, दक्षता. म्हणजे अडीअडचण. गाडी बंद पडली, घरात कुणी आजारी पडलं, नेटवर्क गेलं, तर हाताशी काहीतरी असावं.

तिसरं, संधी. पुस्तकात याला सट्टा हेतू म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर कुणी चांगलं जाळं स्वस्तात काढलं, तर लगेच घेता यावं म्हणून ठेवलेला पैसा.

आता गंमत बघा. ही तीन कामं वेगळी आहेत, पण आपण तिन्हींचा पैसा एकाच खिशात ठेवतो. मग बर्फाच्या पैशातून औषध येतं, जाळ्याच्या पैशातून चहा होतो आणि शनिवारी हिशोब लागत नाही. या धड्यातलं मुख्य सूत्र एवढंच आहे: तीन कामांचे पैसे तीन जागी ठेवा. खिशात फक्त आजच्या कामाचे.

२) कमी ठेवलं तरी खर्च, जास्त ठेवलं तरी धोका

१९५२ साली विल्यम बॉमोल या अमेरिकन अर्थतज्ज्ञानं एक साधी गोष्ट गणितात मांडली. दुकानदार जसा मालाचा साठा ठेवतो, तसाच माणूस रोकडीचा साठा ठेवतो. थोडे थोडे पैसे काढले तर बँकेत वारंवार जावं लागतं. एकदम जास्त काढले तर ते नुसते पडून राहतात.

आपल्याकडं बँकेत जायचं म्हणजे अर्धा दिवस आणि गाडीभाडं. एटीएमचं म्हणाल तर आपल्याच बँकेच्या मशिनवर महिन्याला पाच वेळा मोफत, त्यानंतर १ मे २०२५ पासून बँक दर वेळेला २३ रुपयांपर्यंत आणि वर कर घेऊ शकते. म्हणून माणूस एकदम जास्त काढतो. ते चुकीचं नाही. पण काढलेले सगळे खिशात घेऊन पाण्यावर जाणं चुकीचं आहे.

ही सवय आपल्यापुरतीच आहे असं नाही. जर्मनीसारख्या पुढारलेल्या देशात २०१७ साली तिथल्या मध्यवर्ती बँकेनं पाहणी केली, तर माणशी पाकिटात सरासरी १०७ युरो निघाले. तिकडं स्वीडनमध्ये बहुतेक सगळा व्यवहार कार्ड आणि फोनवर चालतो. तरी तिथल्या सरकारनं २०२४ च्या शेवटी घरोघर पुस्तिका पाठवून सांगितलं, की निदान आठवडाभर पुरेल एवढी रोकड, ती पण लहान-मोठ्या नोटांत, घरात ठेवा. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगालमध्ये वीज गेली तेव्हा कार्ड चालेनात आणि ज्यांच्याकडं रोख होती त्यांचंच काम झालं.

म्हणजे "रोकड जुनी झाली" हेही खरं नाही आणि "रोकड तीच खरी" हेही खरं नाही.

३) होडीमालकाचा हिशोब

आकडे समजुतीसाठी घेतलेत. आपापले आकडे घालून बघा.

समजा एका होडीमालकाचा साध्या दिवसाचा रोख खर्च असा आहे:
• बर्फ – ३०० रुपये
• टेम्पो – ५०० रुपये
• चहा-नाश्ता – २०० रुपये
• दोन गड्यांची उचल – ४०० रुपये
एकूण १,४०० रुपये. अडचणीसाठी ६०० धरा. झाले २,०००. सकाळी घरातून निघताना खिशात एवढंच पाहिजे.

पण खरा धोका सकाळी नाही, संध्याकाळी असतो. मासे विकून परत येताना त्याच खिशात आठ-दहा हजार असतात. रात्र झालेली, अंग दमलेलं, वाटेत कुणी भेटतं, कुणी उसने मागतं, कुणी बसायला बोलावतं. घरी पोचेपर्यंत किती उरतात हे घरातल्या बायकांना विचारा. म्हणून नियम असा करा: गड्यांचा वाटा जागेवर द्या, वहीत लिहा, उद्याच्या खर्चाचे २,००० बाजूला काढा आणि उरलेले त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी खात्यावर भरा. पाकीट सकाळी जड नको आणि रात्रीही जड नको.

४) बाजारात बसणाऱ्या ताई-मावशींचा हिशोब

इथं प्रश्न किती रुपये हा नाही, कोणत्या नोटा हा आहे. मार्च २०२५ अखेर देशात फिरणाऱ्या नोटांच्या एकूण किमतीत ५०० च्या नोटांचा वाटा ८६ टक्के होता. त्यामुळं गिऱ्हाईक येतं ते पाचशेची नोट घेऊनच. रोहू घेतला १८० रुपयांचा, तर परत द्यायचे ३२०. अशी तीन गिऱ्हाइकं लागोपाठ आली की ९६० रुपयांचे सुट्टे गेले. म्हणून पाटी घेऊन बसताना साधारण १,००० रुपयांचे सुट्टे लागतात. ते असे ठेवा:
• ५० च्या १० नोटा – ५०० रुपये
• २० च्या १५ नोटा – ३०० रुपये
• १० च्या नोटा किंवा नाणी २० – २०० रुपये

सुट्टे नाहीत म्हणून गिऱ्हाईक पुढच्या पाटीकडं गेलं, तर मासा आपला चांगला असूनही विक्री तिची होते.

दहाच्या नाण्याबद्दल पुष्कळ वाद होतात. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे, की दहाची नाणी १४ वेगवेगळ्या नमुन्यांची आहेत आणि सगळी चालतात. रुपयाचं चिन्ह असलेलं पण चालतं, नसलेलं पण चालतं. मात्र एका वेळी एक हजार रुपयांपेक्षा जास्त नाणी घेण्याची सक्ती कायद्यानं कुणावर नाही, हेही लक्षात ठेवा.

नव्या नोटा ओळखायची सोपी खूण सांगतो. पन्नासच्या नोटेवर हंपीचा रथ आहे आणि वीसच्या नोटेवर वेरूळची लेणी. एक कर्नाटकची, दुसरी महाराष्ट्राची. नोटेच्या मागं १५ भाषांची जी पट्टी असते तिच्यात कन्नड पण आहे आणि मराठी पण. आपल्या पाटीवर दोन्ही चालतात!

५) पाण्यावर जाताना

हिडकलच्या जलाशयात असो, नाहीतर वेदगंगा, दूधगंगा, घटप्रभेच्या पात्रात, होडीत जाताना नोटा ओल्या होण्याचा धोका रोजचाच.

• होडीत दोन-तीनशेपेक्षा जास्त नेऊ नका. पाण्यात काही विकत मिळत नाही.
• जे न्याल ते आणि मोबाईल घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिक पिशवीत ठेवा.
• नोटा भिजल्या तर ओढाताण करू नका. हळूच सुट्या करून सावलीत वाळवा. चुलीजवळ नको, इस्त्री तर नकोच.
• पाकीट पाण्यात पडलं तर त्याच्यामागं उडी नको. नोट परत मिळवता येते, माणूस नाही.

फाटलेली नोट टाकून देऊ नका. ५० आणि त्यावरच्या नोटेचा सर्वात मोठा एकसंध तुकडा ८० टक्क्यांहून जास्त असेल तर पूर्ण किंमत मिळते. ४० ते ८० टक्के असेल तर अर्धी. २० रुपयांपर्यंतच्या नोटेचा अर्ध्याहून जास्त तुकडा असला की पूर्ण किंमत मिळते. दिवसाला २० नोटा आणि ५,००० रुपयांपर्यंत बँक हे बदलून देते, त्याला पैसे लागत नाहीत. बाहेर कमिशन देऊन बदलायची गरजच नाही.

६) सीमेवरची रोकड आणि निवडणूक

हा मुद्दा आपल्या भागाचा खास आहे. आपला मासा निपाणीहून कागल, कोल्हापूर, गडहिंग्लजकडं जातो आणि पैसे तिकडून इकडं येतात. मध्ये राज्याची हद्द आहे. आचारसंहिता कर्नाटकची असो की महाराष्ट्राची, तपासणी दोघांच्या वाटेवर होते.

मागचं बघा. कर्नाटक विधानसभेचं मतदान १० मे २०२३ ला झालं. लोकसभेचं बेळगाव, चिक्कोडी आणि पलीकडं कोल्हापूरचं ७ मे २०२४ ला. महाराष्ट्र विधानसभेचं २० नोव्हेंबर २०२४ ला. म्हणजे १८ महिन्यांत तीन वेळा आपल्या रस्त्यावर नाके लागले. पुढंही लागणार आहेत.

आचारसंहितेच्या काळात ५०,००० रुपयांपेक्षा जास्त रोकड सापडली आणि ती कुठली हे दाखवता आलं नाही, तर भरारी पथक ती ताब्यात घेऊ शकतं. दोन-तीन होड्यांची आठवड्याची विक्री एकत्र केली की हा आकडा सहज ओलांडतो. मग कष्टाचे पैसे असूनही हात जोडून उभं राहावं लागतं. म्हणून:

• त्या काळात एका माणसाकडं मोठी रक्कम देऊन पाठवू नका. व्यापाऱ्याला खात्यावर पाठवायला सांगा.
• रोख आणावीच लागली तर व्यापाऱ्याची पट्टी, संस्थेची पावती, बँकेतून काढले असतील तर त्याची नोंद असलेलं पासबुक, ओळखपत्र आणि सभासद कार्ड सोबत ठेवा.
• पट्टीवर तारीख, वजन, दर आणि आपलं नाव असल्याशिवाय ती घेऊ नका. कोऱ्या चिठ्ठीवर लिहिलेला नुसता आकडा कुणी मानत नाही.
• पैसे ताब्यात घेतलेच तर वाद घालू नका. जप्तीचा कागद मागून घ्या. दाद कुठं मागायची ते त्या कागदावर लिहिलेलं असायला पाहिजे. अशा तक्रारींसाठी जिल्ह्यात अधिकाऱ्यांची समिती असते. पुरावे घेऊन तिच्याकडं जा.

निवडणूक नसली तरी एक कायदा बारा महिने आहे. १ एप्रिल २०१७ पासून एका दिवसात एका माणसाकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला बंदी आहे. जो घेतो त्याला तेवढाच दंड होऊ शकतो. होडी किंवा गाडी विकताना हे विसरू नका. हातउसने किंवा कर्ज म्हणून २०,००० आणि त्यावरची रक्कमही रोख घेऊ नये.

७) फोनवर पैसे घेतले तर टॅक्स लागेल काय?

जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात वाणिज्य कर खात्यानं यूपीआयच्या नोंदी बघून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा पाठवल्या. हावेरीच्या एका भाजीवाल्याला २९ लाखांची नोटीस आल्याची बातमी सगळीकडं फिरली. बेंगळुरात दुकानांवर "यूपीआय नाही, फक्त रोख" अशा पाट्या लागल्या. नंतर मुख्यमंत्र्यांनी व्यापाऱ्यांना दिलासा दिला, पण भीती मनात राहिली. आपल्यातही काहींनी फोनवर पैसे घेणं बंद केलं.

तेव्हा नीट समजून घ्या. ताज्या आणि बर्फात ठेवलेल्या माशावर जीएसटी नाही. जो फक्त करमाफ माल विकतो त्याला नोंदणी करावी लागत नाही, मग पैसे रोख येवोत की फोनवर. मालाच्या व्यापाराला नोंदणीची ४० लाखांची मर्यादा आहे, ती करपात्र मालाच्या धंद्यासाठी. मासे तळून किंवा जेवण करून विकणाऱ्यांचा हिशोब वेगळा आहे, त्यांनी जाणकाराला विचारून घ्यावं. आपण पाळायची गोष्ट एकच: मासे विकल्याच्या पट्ट्या आणि वही जपून ठेवा. कुणी विचारलं तर "हे पैसे माशाचे आहेत" हे दाखवता आलं पाहिजे.

फोनवर पैसे घेताना तीन गोष्टी पाळा:
• पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. कुणी पिन टाका म्हटलं की समजा तो चोर आहे.
• गिऱ्हाइकाच्या फोनवरचं चित्र बघून मासा देऊ नका. आपल्या फोनवर मेसेज किंवा डब्याचा आवाज आला की मगच द्या.
• फसवणूक झाली तर वेळ न घालवता १९३० ला फोन करा.

ज्यांना भीती वाटते की फोन हरवला तर खातंच रिकामं होईल, त्यांनी यूपीआय लाईट वापरून बघावं. त्यात जास्तीत जास्त ५,००० रुपये ठेवता येतात आणि एका वेळी १,००० पर्यंत देता येतात. म्हणजे फोनमधलं छोटं पाकीटच. साधा फोन असला तर *९९# वरून इंटरनेटशिवाय पैसे पाठवता येतात.

८) खिशातली रोकड साक्ष देत नाही

आता या धड्यातला सर्वात महत्त्वाचा भाग.

२०१८-१९ च्या अर्थसंकल्पापासून किसान क्रेडिट कार्ड मच्छीमारांनाही लागू झालं. १ जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंतच्या अशा कर्जाला तारण लागत नाही. जाळी, बीज, खाद्य, बर्फ यांच्या खर्चासाठी ते आहे. व्याजात सवलत आहे, वेळेवर फेडलं तर आणखी सवलत आहे. तरी आपल्यातले पुष्कळ जण अजून व्यापाऱ्याची उचल घेतात आणि मग मासा त्याच्याच दरानं त्यालाच घालतात.

असं का होतं? समजा दोन सभासद आहेत. दोघांचा मासा सारखा, विक्री सारखी. एकानं वर्षभर सगळं रोख घेतलं आणि रोखच खर्च केलं. दुसऱ्यानं दर आठवड्याला थोडंथोडं का होईना खात्यावर भरलं. बँकेत गेल्यावर पहिल्याचं पासबुक कोरं. तो म्हणतो, "साहेब, महिन्याला एवढं मिळवतो." साहेब म्हणतात, "कागद दाखवा." दुसऱ्याला काही बोलावंच लागत नाही. पासबुकच बोलतं.

कष्ट दोघांनी केले, पण एकाच्याच कष्टाची नोंद झाली. हा फरक उचलीत आणि कर्जात, पर्यायानं माशाच्या दरात दिसतो.

मोठी रोकड घरात साठवणाऱ्यांनी नोटबंदी आठवावी. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० आणि १,००० च्या नोटा बंद झाल्या. १४ नोव्हेंबरपासून जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना त्या नोटा घ्यायलाही मनाई झाली, आणि गावाकडच्या माणसाचं खातं तर नेमकं तिथंच. मे २०२३ मध्ये २,००० ची नोट चलनातून काढायची घोषणा झाली. कुणाच्या डब्यात अजून ती सापडली तर घाबरू नका, ती बाद झालेली नाही. पण साध्या बँकेत आता बदलत नाहीत, रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयातच जावं लागतं किंवा पोस्टानं पाठवावी लागते. आपल्याला जवळचं म्हणजे बेंगळुरू किंवा नवी मुंबईचं बेलापूर.

९) पुराची पिशवी

२०१९ आणि २०२१ चा महापूर आपण सगळ्यांनी बघितला. महामार्गावर पाणी, वीज नाही, फोन चार्ज नाही, एटीएम बंद. त्या दिवसांत खात्यावरचे लाख रुपये दूध आणायलाही उपयोगी पडत नाहीत. म्हणून मृगापूर्वी प्रत्येक घरात एक पिशवी तयार पाहिजे.

हिशोब असा: रोजचा घरखर्च ३०० धरला तर सात दिवसांचे २,१००. औषधाला ५००. गाडीभाड्याला ४००. एकूण ३,०००. हे सगळे १०० आणि त्याखालच्या नोटांत ठेवा. प्लास्टिकमध्ये बांधून आधार, रेशन कार्ड, पासबुक आणि होडीच्या कागदांसोबत ठेवा. कुठं ठेवली आहे हे घरातल्या दोन माणसांना माहीत असावं. आणि दिवाळीपर्यंत तिला हात लावायचा नाही!

थोडक्यात

• खिशात: आजचा खर्च आणि थोडी अडचण.
• पाटीवर: हजारभर रुपयांचे सुट्टे.
• होडीत: दोन-तीनशे, प्लास्टिकमध्ये.
• घरात: आठवड्याची पुराची पिशवी.
• बाकी सगळं: खात्यावर, नोंदीसकट.

या आठवड्याचा गृहपाठ

सात दिवस रोज सकाळी निघताना आणि रात्री आल्यावर खिशातले पैसे मोजा आणि वहीत दोन आकडे लिहा. बाकी काही लिहायची गरज नाही. आठव्या दिवशी नवरा-बायकोनं मिळून ते चौदा आकडे बघा. किती रोकड विनाकारण फिरत होती हे आपोआप कळेल.

ज्यांना क्रेडिट कार्डाचा अर्ज भरायचा आहे त्यांनी पासबुक, आधार आणि सभासद कार्ड घेऊन संस्थेत यावं. फॉर्म भरून द्यायला आम्ही आहोत. ताई-मावशींनी संकोच करू नये, अर्ज त्यांच्याही नावानं करता येतो.

लेख उपयोगी वाटला तर आपल्या वाड्यातल्या ग्रुपवर पाठवा. शंका असेल तर खाली विचारा.

आपला,
सचिव